भाताचा खोडवा

सोंग घराण्याच्या काळातला मी फू हा चीनच्या थोर सुलेखनकारांपैकी एक. बाराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला तो यांगत्से नदीच्या उत्तरेकडच्या वूवेइ परगण्याचा कारभार पाहत होता. सोंग काळातच लिहिलेल्या एका टिपणग्रंथात त्याची हकिकत येते. शरद सरत आला होता, भाताची कापणी उरकली होती आणि मी फू हाताखालच्या मंडळींसोबत एका माडीवर मेजवानीला बसला होता. समोर पाहतो तर कापून मोकळ्या झालेल्या खाचरांवर सारखी छाटल्यासारखी हिरवाई पसरलेली. पीक तर घरात गेलं, मग हे काय उगवलंय? त्याने तातडीने एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला बोलावून घेतलं. म्हातारा म्हणाला, हे भाताचे नातू. कापलेल्या भाताला पाऊस मिळाला की खोडातून पुन्हा लोंब्या निघतात, त्यांचा रंग असा कोवळा दिसतो. मी फू इतका आनंदला की त्या माडीला त्याने भाताच्या नातवांचंच नाव दिलं.

अधिकाऱ्याला जे ठाऊक नव्हतं ते शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. पण म्हाताऱ्याच्या उत्तरात पावसाचा उल्लेख आहे, तो विसरून चालणार नाही. पाऊस आला तर नातू, नाही आला तर गुरांना चारा. त्याच्या लेखी ते पीक नव्हतं, पदरात पडलेलं दान होतं. या दानाचं हिशेबात धरता येईल असं पीक व्हायला पुढे आठशेहून अधिक वर्षं लागली, आणि तो इतिहास बियाण्याइतकाच माणसांच्या हातांचा आहे. हात किती आहेत, ते कधी मोकळे असतात आणि कधी गाव सोडून जातात, यावर हा खोडवा, म्हणजे कापलेल्या बुडख्यांतून पुन्हा घेतलेलं पीक, टिकला, बुडाला आणि पुन्हा उभा राहिला.

लेखी नोंद मी फूच्याही फार आधीची आहे. जिन घराण्याच्या काळात क्वो यीकोंग याने लिहिलेला 'ग्वांगजी' हा ग्रंथ आज संपूर्ण मिळत नाही. सहाव्या शतकात जिआ सश्ये याने शेतीवर 'छीमिन याओशू' हा मोठा ग्रंथ सिद्ध केला, त्यात 'ग्वांगजी'मधले उतारे आले आणि म्हणून ते वाचले. त्यांत एका पांढऱ्या भाताचं वर्णन आहे. चिनी पंचांगाच्या पहिल्या महिन्यात पेरायचा, पाचव्यात कापायचा, मग त्याच बुडख्यांतून तो पुन्हा फुटतो आणि नवव्या महिन्यात दुसऱ्यांदा पिकतो. म्हणजे सुमारे सतराशे वर्षांपूर्वी हे कुणीतरी नीट पाहून, महिने मोजून लिहून ठेवलं होतं.

भात आपल्या डोळ्यांसमोर दर वर्षी मरतो म्हणून आपण त्याला वर्षायू मानतो. खरं तर भाताचं खोड कापणीच्या वेळी मेलेलं नसतं. उसाच्या कांडीला जसे पेरापेरावर डोळे असतात तसे भाताच्या ताटालाही असतात, फक्त ते पानाच्या आवरणाखाली झाकलेले असतात. शेंड्याला लोंबी भरत असेपर्यंत सगळा रस वर ओढला जातो आणि हे डोळे निजून राहतात. शेंडा कापला की त्यांना जाग येते. खोडात साठून राहिलेल्या पिष्टावर आणि जुन्याच मुळांवर ते पोसतात. त्यामुळे खोडव्याला रोपवाटिका लागत नाही, चिखलणी लागत नाही, लावणी लागत नाही. साधारण दोन महिन्यांत लोंबी पिकून तयार होते.

डोळे सगळे सारखे मात्र नसतात. वरच्या पेरांवरचे लवकर फुटतात आणि लवकर निसवतात, पण त्यांच्या लोंब्या आखूड असतात. बुडाशी असलेले उशिरा उठतात, त्यांच्या लोंब्या मोठ्या होतात, पण त्यांना दिवस जास्त लागतात. म्हणून विळा किती उंचीवर चालवायचा हा खोडव्यातला पहिला प्रश्न ठरतो. जिथे थंडी लवकर येते तिथे हातभर खोड राखून वर कापतात, म्हणजे वरचे डोळे शाबूत राहतात. जिथे उबारा आणि पाणी भरपूर आहे तिथे जमिनीलगत कापलं तरी चालतं. पश्चिम सुमात्रातले शेतकरी तसंच करतात. दुसरा प्रश्न कापणीच्या वेळेचा. भात उभ्यानेच वाळून गेला तर खोडात जीव उरत नाही, म्हणून दाणा पक्व पण ताट हिरवं असतानाच शेतात उतरावं लागतं. आणि खत कापणीनंतर देण्याइतकंच कापणीपूर्वी दहा-पंधरा दिवस द्यावं लागतं, कारण डोळ्याची वाढ तेव्हाच ठरत असते. उभ्या, पिकत आलेल्या भाताला खत घालायचं हे शेतकऱ्याच्या सगळ्या सवयींच्या विरुद्ध जाणारं काम. चीनमध्ये ते रुजायला वेळ लागला यात काहीच आश्चर्य नाही.

खोडव्याचं शास्त्र उभं राहिलं ते सिचुआनमध्ये. चारी बाजूंनी डोंगरांनी वेढलेला हा पश्चिम चीनमधला प्रांत भाताचं कोठार म्हणून ओळखला जातो. इथल्या वसंतातल्या पावसाचा भरवसा नसल्यामुळे शेतकरी हिवाळाभर खाचरांत पाणी कोंडून ठेवत आणि त्यावर वर्षाला एकच भात घेत. अडचण हवामानाची होती. एक भात निघाल्यावर उबदार दिवस शिल्लक राहत, पण नव्याने लावलेला दुसरा भात पिकवायला ते पुरत नसत. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंतचं ऊन शेतावरून नुसतं वाहून जाई. यांगत्से आणि तिच्या उपनद्यांकाठच्या लूचौ, फूशुन अशा सखल भागांत हे शिल्लक ऊन सर्वांत जास्त.

यांग काइछ्यू हे भातशास्त्रज्ञ जपानमध्ये शिकून आलेले. 1930च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी सिचुआनमध्ये या शिल्लक दिवसांचा विचार सुरू केला. काळ मोठा कठीण होता. जपानने 1937 साली चीनवर पूर्ण युद्ध लादलं, सरकारने राजधानी चोंगछिंगला हलवली, पूर्वेकडून निर्वासितांचे लोंढे, कारखाने आणि विद्यापीठं सिचुआनकडे आली. या सगळ्यांची पोटं भरण्याचा भार या एका प्रांताच्या खाचरांवर येऊन पडला. अशा वेळी आणखी एक मूठ भात कुठून येईल हा प्रश्न विद्यापीठाच्या चार भिंतींतला राहत नाही. यांग यांनी कापणीची उंची, डोळ्यांची वाढ, पाणी, खत यांचा पद्धतशीर अभ्यास मांडला. चीनमधलं भाताच्या खोडव्याचं संशोधन आज त्यांच्यापासून मोजतात. पण त्या वेळचे वाण उंच होते, खत घातलं की लोळत, आणि लोळलेल्या भाताचा खोडवा घेता येत नाही. अभ्यास पुढे गेला, शेत मागेच राहिलं.

साम्यवादी क्रांतीनंतर सरकारने जोर दिला तो वेगळ्याच मार्गावर. एका भाताऐवजी दोन भात लावा, असा आग्रह 1960 आणि 70च्या दशकांत कम्यूनांमध्ये धरला गेला. दक्षिण चीनमध्ये दुहेरी भात जुनाच, पण आता तो उत्तरेकडे, जिथे दिवस जेमतेम पुरतील तिथेही ढकलला गेला. यातून शेतकऱ्याच्या वाट्याला काय आलं हे समजायला जुलैअखेरचे ते पंधरा-वीस दिवस डोळ्यांसमोर आणावे लागतात. पहिला भात पिकलेला असतो. तो कापायचा, झोडायचा, वाळवायचा. त्याच आठवड्यात शेत पुन्हा नांगरून, चिखलणी करून दुसऱ्या भाताचं रोप लावायचं, आणि हे सगळं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, पंचांगातला शरदारंभ यायच्या आत. एक दिवस उशीर झाला तर दुसरा भात थंडीत सापडून पळंज होणार. वर आग ओकणारा सूर्य, पायाखाली तापलेलं पाणी, पहाटेपासून रात्रीपर्यंत वाकलेली पाठ. या हंगामाला चीनमध्ये 'दुहेरी धावपळ' म्हणतात आणि ज्या पिढीने ती केली ती आजही तिचं नाव काढताना हळवी होते. कोकणातली आपली लावणी कष्टाची खरीच, पण ती पावसात, एकदाच होते. कापणी आणि लावणी एकाच पंधरवड्यात, ऐन उन्हाळ्यात, अशी कल्पना करून पाहावी.

सिचुआनमध्ये तर हा हट्ट निसर्गाला मान्यच नव्हता. 1970च्या दशकाच्या अखेरीस प्रांताने सक्तीच्या दुहेरी भातातून अंग काढून घेतलं. आणि नेमकं त्याच सुमारास खोडव्याला हवा होता तसा भात जन्माला आला.

युआन लाँगपिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970च्या दशकात संकरित भात उभा केला, 1976पासून तो मोठ्या क्षेत्रावर गेला. फूजियान प्रांतातल्या सानमिंगचे श्ये ह्वा-आन यांनी 1980च्या दशकाच्या आरंभी 'शानयौ 63' हा संकरित वाण तयार केला. त्याच्या बापाच्या बाजूला, म्हणजे 'मिंगह्वे 63'मध्ये, फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतल्या आयआर 30 या वाणाचं रक्त होतं. 'शानयौ 63' बुटका, दणकट, रोगाला तोंड देणारा आणि भरघोस. 1980च्या दशकाच्या मध्यापासून पुढे अनेक वर्षं चीनमध्ये सर्वाधिक क्षेत्र याच एका वाणाखाली होतं. त्याचा एक गुण सिचुआनच्या शेतकऱ्यांना फार उपयोगी पडला. कापल्यावर तो जोमाने फुटायचा.

मग खोडवा पसरला. सिचुआनचा दक्षिण भाग, चोंगछिंगभोवतीचा प्रदेश, फूजियानमधले यौशीसारखे डोंगराळ जिल्हे. 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात चीनमधलं खोडवा भाताचं क्षेत्र सुमारे साडेसात लाख हेक्टरांवर पोचलं. यौशीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत श्ये ह्वा-आन यांनी स्वतः खोडव्याचे प्रयोग वर्षानुवर्षं चालवले. वाण काढून मोकळा होणारा हा पैदासकार नव्हता. शेतकऱ्याच्या हातात तो वाण काय काय करू शकतो हे बघायला तो बांधावर उभा राहिला, याचं मला फार मोल वाटतं.

या भरभराटीत यंत्र कुठेच नव्हतं. सारी कापणी विळ्याने. माणूस ताटांच्या ओळींमधून पाय टाकत चालतो, खोड तुडवत नाही, उंची हाताने राखतो. अशी कापणी करायला गावात पुरेशी माणसं होती म्हणूनच खोडवा इतका वाढला.

जगाच्या दुसऱ्या टोकाला त्याआधीच खोडवा अगदी उलट वाटेने गेला होता. टेक्ससच्या किनारपट्टीत माणसं थोडी, शेतं अफाट, आणि भात पहिल्यापासून यंत्राने कापलेला. तिथल्या ब्यूमाँट संशोधन केंद्रात हेन्री बीचेल यांनी तीस वर्षांहून अधिक काळ भाताची पैदास केली. 1960च्या दशकाच्या आरंभी तिथे 'बेल पाटणा' हा अतिशय हळवा वाण आला, साधारण शंभर दिवसांत पिकणारा. वसंतात पेरलेलं पीक जुलै-ऑगस्टमध्ये निघू लागलं आणि पुढे उरलेल्या उबदार दिवसांत खोडवा बसू लागला. लगेच पाणी सोडायचं, खत द्यायचं, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा यंत्र घालायचं. रुंद चाकांच्या यंत्राखाली काही खोडं चिरडली जात, पण शेकडो एकरांच्या शेतात त्याचा हिशेब वेगळा होता. तिथे शेतकऱ्याला एकेक ताट मोजायचं नव्हतं.

1986 साली बंगळुरूला भाताच्या खोडव्यावर आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली आणि दोन वर्षांनी त्यातले निबंध पुस्तकरूपाने निघाले. बंगळुरूची निवड सकारण होती. कर्नाटकात एम. महादेवप्पा यांच्यासारखे भातपैदासकार या विषयावर काम करत होते. महाराष्ट्रात मात्र खोडवा म्हटलं की ऊसच डोळ्यांसमोर येतो. कोल्हापूर-सांगलीकडचा शेतकरी उसाचा खोडवा घेतो, कधी त्यापुढे निडवाही घेतो. भाताच्या खाचरांत तसं घडलं नाही, त्याचं कारण पावसात आहे. कोकणात गरवा भात कापेपर्यंत पाऊस आटोपलेला असतो. खोडांना फुटवे येतात, हिरवी झाक दिसते आणि गुरं ती खाऊन टाकतात. ओल उरली असेल तिथे वाल, पावटा, कुळीथ टाकतात, आणि जिथे पाण्याची सोय आहे त्या दक्षिण कोकणात आणि गोव्यात वायंगण भात नव्याने लावतात. सिचुआनकडे कोंडलेलं पाणी होतं, पण दिवस अपुरे होते. आमच्याकडे दिवस भरपूर, पाणी मात्र नाही.

चीनमधला खोडवा 1990च्या दशकाच्या शेवटी शिखरावर पोचला आणि लगेच उतरू लागला. सिचुआन, हूबेइ, हूनान या प्रांतांतून तरुण मुलंमुली किनाऱ्यावरच्या कारखान्यांकडे निघाली. गावात राहिले म्हातारे आणि नातवंडं. विळा धरणारे हात गेले तेव्हा कापणी यंत्राकडे गेली, आणि पट्ट्यांवर चालणाऱ्या त्या यंत्रांनी ओल्या खाचरांत खोडव्याचा घात केला. पट्टा जिथून जाई तिथली खोडं चिखलात दबत, वळण घेताना आणखी दबत. दोन-चार गुंठ्यांच्या लहान खाचरात तर वळणंच जास्त. उरलेल्या खोडांत पट्ट्याच्या कडेची उशिरा फुटत, मधली लवकर, त्यामुळे शेत एकदम पिकेना. हिरव्या आणि पिकलेल्या लोंब्या एकत्र कापण्यात कसलाच फायदा नव्हता. खोडव्याचं क्षेत्र आटत गेलं.

पण त्याच काळात दुहेरी भातही मरत होता, आणि त्याच कारणाने. ती जुलैअखेरची धावपळ करायला कोण राहिलं होतं? यांगत्सेच्या मधल्या खोऱ्यात हजारो शेतकऱ्यांनी दोन भातांऐवजी एकच लावायला सुरुवात केली. पाणी होतं, ऊन होतं, जमीन होती, फक्त माणसं नव्हती. 2010 नंतर हूबेइमध्ये खोडवा परतला तो या रिकाम्या जागेत. ज्या मजूरटंचाईने त्याला आधी संपवलं होतं तीच आता त्याला बोलावत होती, कारण दुसऱ्या भाताच्या तुलनेत खोडव्याला रोप, चिखलणी, लावणी यांतलं काहीच लागत नाही. आता यंत्रालाच खोडव्याशी जुळवून घ्यायला लावणं भाग होतं.

वुहानच्या ह्वाचोंग कृषी विद्यापीठात पेंग शाओबिंग यांनी हे काम हाती घेतलं. फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत बरीच वर्षं काढून ते मायदेशी परतले होते. त्यांच्या आणि हूबेइतल्या इतरांच्या कामातून जे वेळापत्रक बसलं ते असं. मार्चअखेर रोपवाटिका, एप्रिलच्या उत्तरार्धात लावणी, ऑगस्टच्या मध्याच्या आत पहिली कापणी. कापणीआधी पाणी काढून जमीन इतकी आवळायची की यंत्राचा पट्टा खोल रुतणार नाही. यंत्र किती फेऱ्यांत, कुठून फिरवायचं हे आधी ठरवायचं, म्हणजे चिरडलेला भाग कमीत कमी राहील. कापणीची उंची साधारण चाळीस सेंटिमीटर. कापल्या कापल्या पुन्हा पाणी आणि खत. सप्टेंबरच्या मध्याच्या आसपास खोडवा निसवलाच पाहिजे, नाहीतर उत्तरेचा गार वारा फुलोऱ्यात शिरतो आणि दाणा भरत नाही. ऑक्टोबरअखेर दुसरी कापणी.

उत्पन्न पहिल्या भाताच्या निम्म्याच्या आसपास येतं. ऐकायला थोडं वाटतं, पण खर्च त्याहून कितीतरी कमी असतो. शिवाय खोडव्याचा दाणा शरदातल्या थंड हवेत सावकाश भरतो, त्यात पांढरे डाग कमी असतात, भरडताना कणी कमी पडते आणि भात चवीला चांगला लागतो. फवारण्याही कमी लागतात. छीछुनसारख्या जिल्ह्यांत व्यापारी खोडव्याच्या तांदळाला जास्त भाव देऊ लागले. सोंग काळात नातू म्हणून कौतुकाने पाहिलेला तो दाणा आता पहिल्या पिकापेक्षा महाग विकला जातो. हूबेइतलं क्षेत्र 2010च्या सुमाराच्या काही हजार हेक्टरांवरून सात-आठ वर्षांत लाखाच्या पुढे गेलं.

चिरडलेल्या खोडांचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. अरुंद पट्ट्यांची आणि उंच उभी राहणारी यंत्रं करून पाहिली जातात, पट्टा जाईल ती जागा मोकळी सोडून लावणीच्या ओळी आखल्या जातात. पट्ट्याच्या खुणांवरचा भात दहा दिवस मागे राहतो हे हूबेइतल्या कोणत्याही शेतात सप्टेंबरमध्ये बांधावरून दिसतं.

दक्षिणेकडे युन्नानमध्ये तर एका खोडव्यावर न थांबण्याचा प्रयत्न झाला. थायलंडचा आरडी 23 हा भात आणि आफ्रिकेतला कायम जगणारा रानभात यांच्या संकरातून, विसाहून अधिक वर्षांच्या निवडीनंतर, युन्नान विद्यापीठाच्या हू फंगयी यांच्या गटाने पीआर 23 हा बहुवर्षी भात सिद्ध केला. 2018 साली तो शेतकऱ्यांच्या हाती गेला. एकदा लावला की चार वर्षांत आठ वेळा कापता येतो, हेक्टरी सरासरी 6.8 टन, म्हणजे दर हंगामी नव्याने लावलेल्या भाताच्या बरोबरीने. ज्या हंगामांत लावणी नसते तेव्हा मजुरी निम्म्याहून खाली येते. युन्नानच्या डोंगरउतारांवरच्या पायऱ्यांच्या शेतांत यंत्र चढत नाही आणि तरुण राहत नाहीत, तिथे तो आधी पोचला. 2021 साली दक्षिण चीनमध्ये 44 हजारांहून अधिक लहान शेतकऱ्यांनी 15 हजारांहून अधिक हेक्टरांवर तो लावला होता. तण जास्त येतं, गोठवणारी थंडी त्याला सोसत नाही आणि पाचव्या वर्षी उत्पन्न घसरतं. मग जुनी खोडं नांगरून काढावी लागतात, चिखलणी होते आणि पुढच्या चार वर्षांसाठी पुन्हा रोप लावलं जातं.